जुन्या गोलकीपरकाकांना उत्तर

काका, सही ‘एक जुना गोलकीपर’ अशी केलीत आणि वडोदऱ्याच्या पोलो ग्राउंडवर हयात गेली म्हणालात, तेव्हा काकाच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी बॉब हॉटन या इंग्रज फुटबॉल मॅनेजरच्या (२००६ ते २०११ तो भारताचाही कोच होता) देशोदेशीच्या नोकऱ्यांबद्दल लिहिलं होतं, जरा कौतुकानंच. काकांचं म्हणणं असं की हे परदेशी कोच म्हणजे भाडोत्री माणसं. पैसे घ्यायचे, चार वर्षं काढायची, पुढच्या विमानात बसायचं. आपले जुने कोच सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे रहीमसाहेब, यांनी १९५१ आणि १९६२ ला एशियाडची सुवर्णं आणली ती आपल्या मातीतल्या अकलेवर. हॉटननं काय दिलं, तर २०११ च्या एशियन कपात तीन मॅचमध्ये खाल्लेले १३ गोल. आणि मी गोऱ्या कातडीला भुललोय.

आधी माझी चूक. हॉटननं भारताला ‘पात्रता फेरी खेळून’ एशियन कपात नेलं असं मी लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकल्यामुळे आपल्याला थेट जागा मिळाली, आणि ती स्पर्धा आशियातल्या मागे पडलेल्या देशांसाठीच काढलेली. फायनलला छेत्रीनं ताजिकिस्तानवर हॅटट्रिक मारली, आपण ४-१ नं जिंकलो, मी नाचलोही होतो. पण वाट सोपी होती, कबूल. तुमचे १३ गोलही मोजले. ऑस्ट्रेलियाचे ४, बहारिनचे ५, कोरियाचे ४. बरोबर भरतात.

पण रहीमसाहेबांना ‘परदेशी नको’च्या साक्षीला उभं करू नका. १९६४ च्या एशियन कपात आपण दुसरे आलो (चारच संघ होते, हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो). तेव्हा कोच हॅरी राइट, इंग्रज. १९८४ ला आपण पुन्हा त्या स्पर्धेत पोचलो तेव्हा कोच मिलोवान चिरिच, युगोस्लाव्हियाचे. म्हणजे बाहेरचा माणूस आणायची खोड हॉटनपासूनची नाही.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. हॉटन १९७४ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबात गेला तेव्हा वय २६. खेळाडू म्हणून नाव नव्हतं. तिथं बचाव म्हणजे ज्यानं त्यानं आपला माणूस पकडायचा आणि मैदानभर त्याच्यामागं धावायचं. यानं ते मोडलं. माणूस सोडा, जागा धरा. बॉल सरकेल तशी अख्खी फळी एकत्र सरकली पाहिजे. आपल्याला हे कळायला अवघड नाही. कबड्डीतली साखळी आठवा, एकानं हात सोडला की सगळी फुटली. (हुतूतूचे नियम १९२३ ला छापून काढले ते आपल्याच हिंद विजय जिमखान्यानं, पण तो वेगळा लेख.) माल्मोनं त्याच्या हाताखाली १९७४, ७५ आणि ७७ ला लीग जिंकली आणि १९७९ ला हा संघ युरोपियन कपच्या फायनलला गेला. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं १-० नं हरवलं. तुमच्या हिशेबात पुन्हा शून्य.

माझा हिशेब वेगळा आहे. हॉटनच्या मागोमाग त्याचा मित्र रॉय हॉजसन स्वीडनला आला आणि हाल्मस्टाड या छोट्या क्लबाला त्यानं १९७६ ला चॅम्पियन केलं. स्वीडिश मंडळी चिडली, ‘हे इंग्रजी फुटबॉल आमच्या गळ्यात कशाला’ म्हणून बरीच वर्षं वाद घातला. अगदी तुमच्यासारखा! पण त्यांच्यातलाच एक तरुण कोच, स्वेन-गोरान एरिक्सन, या दोघांचं बघून शिकला. त्यानं १९८२ ला स्वीडनच्याच गोथेनबर्ग क्लबाला युएफा कप ही युरोपातली स्पर्धा जिंकून दिली, मग पोर्तुगाल आणि इटली गाजवली, आणि २००१ मध्ये थेट इंग्लंडचा मॅनेजर झाला, त्यांचा पहिला परदेशी मॅनेजर. इंग्रजांनी नेलेली विद्या एका स्वीडिश माणसानं त्यांच्याच दारात परत आणून टाकली. आता तिथं इंग्रज बोंबलत होते, परका कशाला म्हणून.

वडोदऱ्याच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला. तीन वर्षांत तो परत गेला, म्हणजे हॉटनपेक्षाही लवकर. पण १९११ मध्येच त्यानं इथं ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला होता. पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायला लागली, आणि पुढे मोतीभाई अमीन यांच्यासारख्यांनी ते काम खेड्यापाड्यांत नेलं. सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या फरशीवर उभं राहून ‘बॉर्डन पैसे घेऊन पळाला’ असं म्हणायची कुणाची छाती आहे?

हॉटनपाशी काय होतं ते माल्मोत दिसलं. आपल्याकडे ते घ्यायला कोण उभं होतं? २०११ ला तो गेला आणि वर्ष-दीड वर्षात आर्मांदो कोलासो, सावियो मदेरा, मग डच विम कूव्हरमन्स. प्रत्येकानं पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा केला. तो राहत होता त्या पाच वर्षांत त्याच्या हाताखाली दहा देशी कोच बसवले असते, तर त्याच्या पगाराबद्दल मी चकार शब्द काढला नसता. म्हणून माझा राग आपल्या फुटबॉल फेडरेशनवर आहे. तुमचा विमानावर आहे.

आपले नंतरचे इंग्रज कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र बऱ्याच अंशी मान्य. २०१५ ला आपण जगात १७३ वे होतो, २०१७ ला ९६ वे झालो, आणि त्यात सोपे प्रतिस्पर्धी निवडण्याचा वाटा होता. पण नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा, शेवटी पाकिस्तान असं हिंडणाऱ्या माणसाला तुम्ही ‘ऐषारामी’ म्हणता, तिथं हसू आलं. दर दोन वर्षांनी नवा देश, आणि बहारिनविरुद्ध अखेरच्या मिनिटांत एक पेनल्टी गेली की राजीनामा. असा ऐषाराम आपल्याला झेपणार नाही.

एक वाक्य मात्र तुम्ही रागाच्या भरात लिहून गेलात. तरुणपणी कुणी परदेशी कोच पंधरा दिवसांच्या कॅम्पला आला होता, ‘नुसत्या शिट्ट्या मारून गेला, गोलकडे पाठ न करता मागे कसं सरकायचं तेवढं शिकवलं, ते अजून पोरांना दाखवतो’. काका, ‘तेवढं’?

रविवारी सकाळी पोलो ग्राउंडवर येतो. ते मागे सरकणं मला बघायचंय. शेव-उसळ माझ्याकडून.