टेकडीवरचं लॅटिन

लॅटिन ही मेलेली भाषा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर यावं. व्हॅटिकनच्या एटीएमवर म्हणे लॅटिनमधून सूचना येतात. फिनलंडच्या रेडिओवर १९८९ पासून २०१९ पर्यंत लॅटिन बातम्या लागायच्या. असतील. आमच्याकडे माकडटोप्या घातलेले निवृत्त बँक मॅनेजर चढ चढताना, धापा टाकत लॅटिन बोलतात.

मी टेकडीवर जायचो ते खरं तर उतरल्यावरच्या मिसळीसाठी. पण बायकोने झाडं ओळखणाऱ्यांच्या गटात आमच्या दोघांची नावं घातली आणि चालणं संपलं. आता दहा पावलं टाकायची, थांबायचं आणि एका पानाभोवती कोंडाळं करायचं. कोणी पान चुरगळून हुंगतो, कोणी खिशातून भिंग काढतो. पोटात कावळे ओरडत असतात. घोळक्यामागून मी बापडा म्हणतो, "शंकासुर आहे हा."

सगळे माझ्याकडे वळून बघतात. "ते झालं हो. पण नाव काय?"

नाव म्हणजे शास्त्रीय, लॅटिन नाव: सिसॅल्पिनिया पल्चेरिमा. हे ठरलं, की उच्चारावरून जुंपते. एक काका 'सिसॅल्पिनिया'वाले, दुसरे 'केसाल्पिनिया'वाले. दोघांकडे पुरावे आहेत, दोघांना वेळही आहे. निवाडा करू शकणारे लोक रोमन साम्राज्याबरोबरच गेल्यामुळे हा वाद टेकडीवरच्या दगडखाणीपर्यंत सहज पुरतो.

याचं खापर झाडांना अशी नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या कार्ल लिनियसवर फोडायचा मोह होतो, पण तो कृतघ्नपणा ठरेल. त्याच्या आधी झाडाचं नाव म्हणजे पानाफुलांचं वर्णन करणारं अख्खं लॅटिन वाक्य असायचं. १७५३ च्या ग्रंथात त्याने ते दोन शब्दांवर आणलं. आधी आडनाव, मग नाव, शाळेच्या हजेरीपटासारखं. नाही तर एका शंकासुरापायी आमची मिसळ दुपारच्या जेवणाला जाऊन भिडली असती.

बाकी या नावांत गमती आहेत, हे मान्य. चिंच म्हणजे टॅमरिंडस इंडिका. अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्थानातला खजूर म्हटलं, त्याचं झालं टॅमरिंडस. मग कमी पडायला नको म्हणून पुढे इंडिकाही जोडलं. असा दोन-दोनदा भारतीयत्वाचा दाखला मिळालेलं हे झाड मूळचं आफ्रिकेतलं!

पण माझं खरं दुखणं आहे बाभूळ. शास्त्रज्ञांनी लॅटिन का धरलं, तर म्हणे मेलेली भाषा बदलत नाही, एकदा पाठ केलं की जन्माचं काम झालं. या भरवशावर मी अकेशिया निलोटिका हे नाव घोकलं. आंघोळ करताना म्हटलं, सिग्नलला थांबून म्हटलं. टेकडीवर बाभूळ दिसताच सगळ्यांच्या आधी ओरडलो. गटाचे सर हळहळल्यासारखे म्हणाले, "ते नाव गेलं हो आता."

"गेलं म्हणजे? कुठे?"

"ऑस्ट्रेलियाला."

झालं असं, की अकेशियाचं भलंमोठं खटलं वेगळं करायचं ठरलं. अशा वाटणीत मूळ आडनाव ज्या झाडावरून पडलं त्याच्याकडे राहतं, आणि ते झाड होतं आपली बाभूळ. पण ऑस्ट्रेलियात तिचे भाऊबंद हजाराच्या घरात. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पती परिषदेत आडनाव त्यांना दिलं गेलं आणि २०११ ला त्यावर शिक्कामोर्तब झालं. कुठे? तर मेलबर्नमध्ये! आपली बाभूळ झाली वॅचेलिया, खैर झाला सेनेगालिया. बाभळीला यातलं काहीही कळवलेलं नाही. तिचा काटा अजून पूर्वीच्याच निष्ठेने चपलेतून आरपार येतो. त्या वेळी माझ्या तोंडून जे निघतं ते लॅटिन नसतं.

सरांचं दुःख निराळं आहे. २०१२ पासून नव्या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन इंग्रजीत केलं तरी चालतं, नाव तेवढं लॅटिन लागतं. "आता काय, कोणीही उठावं आणि लिहावं," असं ते एका झुडपाला उद्देशून म्हणाले. झुडूप उंदीरमारीचं होतं, म्हणजे ग्लिरिसिडियाचं. लॅटिनमध्येही त्याचा अर्थ उंदीर मारणारीच होतो. हे एक नाव मात्र मला न घोकता येतं.

माझ्या मते पुण्यातलं सर्वात अस्खलित लॅटिन नर्सरीत ऐकायला मिळतं. आमचा नर्सरीवाला तंबाखू मळता मळता अॅग्लोनिमा, डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन असं धडाधड बोलतो आणि त्याच्या उच्चारांना हरकत घ्यायची कोणाची छाती नाही. परवा बायकोने एक कुंडी उचलली.

"सॅन्सेव्हेरिया. दीडशे," तो म्हणाला.

"दादा, सॅन्सेव्हेरिया नाही म्हणत आता. ड्रॅसिनात घातलंय त्याला," बायको म्हणाली.

त्याने तंबाखू तोंडात टाकली, कुंडी हातात घेऊन नीट फिरवून पाहिली.

"ड्रॅसिना असेल तर दोनशे होतील, ताई."