नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी

मध्य मुंबईतल्या आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या रणधुमाळी चालू आहे. तरुण संघाला चर्चच्या सेवाकार्याची रील्स काढायची आहेत. जुने पंच म्हणतात, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय, मग ही दवंडी कशाला? आणि दोन्ही पक्ष साक्षीला काढतात परदेशाला. एकाचं ‘तिकडची चर्चेस बघा, किती प्रोफेशनल’, दुसऱ्याचं ‘जाहिराती करूनही ओसच पडली ना?’ मी जर्मनीतल्या श्टुटगार्टात राहतो (1968 पासून मुंबईचं भगिनी शहर, पण ते असो). मला मात्र कुणी विचारत नाही.

ते वचन दान करून मिरवणाऱ्यांसाठी आहे. चर्चच्या मागच्या खोलीत दहावीच्या मुलांची फुकट शिकवणी चालते हे गल्लीतल्या एखाद्या आईला कळलं, तर त्यात मिरवणं कसलं? त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, जरा आधी, दिवा लावून मापाखाली ठेवू नका असंही सांगितलंय. ते सोयीस्कर विसरायचं.

तरुणांचंही फार कौतुक नको. त्यांचं नवं पोस्टर पाहिलं. जांभळं आकाश, कबुतर, खाली पाळकसाहेबांसह सहा पदाधिकाऱ्यांचे पासपोर्ट फोटो. मजकूर असा: ‘समुपदेशन सेवा, दर बुधवारी, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी. सर्वांनी लाभ घ्यावा.’ ज्याला नेहमीचं ठिकाण ठाऊक आहे त्याला पोस्टर कशाला हवं? फोन नंबर नाही. कितीतरी घरं आता कल्याण-बदलापूरला गेली, पण रविवारी मेगाब्लॉक असला तर उपासना उशिरा सुरू होणार का, हेसुद्धा कुणी कळवत नाही. सेक्रेटरी सूचना वाचायला उभे राहिले की अर्धी मंडळी पिशव्या आवरू लागते.

इथे श्टुटगार्टात गेमाइंडेब्रीफ, म्हणजे चर्चचं माहितीपत्रक, घरच्या पेटीत येऊन पडतो. कॉन्फिर्मांडनचे (दृढीकरणाची तयारी करणाऱ्या मुलांचे) वर्ग, फ्लोमार्क्टची (जुन्या वस्तूंच्या बाजाराची) तारीख, कुणाचा दफनविधी झाला, घरात दुःख असेल तर कुणाला फोन करायचा, सगळं त्यात. शाउकास्टनची, म्हणजे चर्चबाहेरच्या सूचनापेटीची, काचसुद्धा स्वच्छ पुसलेली. तरीही 2023 मध्ये जर्मनीतल्या इव्हँजेलिकल (म्हणजे प्रोटेस्टंट) चर्चमधून सुमारे 3 लाख 80 हजार लोकांनी नाव काढून घेतलं. जुन्या पंचांना हा आकडा मी मुद्दामच सांगितला नव्हता. पण माणसं गेली ती चर्चच्या करापायी, अत्याचाराच्या प्रकरणांपायी आणि श्रद्धाच उरली नाही म्हणून. त्यात माहितीपत्रकाचा काय दोष?

1842 साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक काढणारी आपली परंपरा. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्त अभंगातून आणि कीर्तनातून मराठी माणसापर्यंत नेला. आणि आपल्याला साधी वेळ लिहिता येत नाही? ग्रुपवर मी सुचवलं: गेटाबाहेर एक फळा लावा. काय, कुठे, किती वाजता, फोन. बस्स.

एका ताईंनी लगेच लिहिलं, “बाबा, गेटाबाहेर फुकट शिकवणी लिहिली की आमिष दाखवता म्हणून दारात कोण येऊन उभं राहील, ते तुला तिथून दिसत नाही.” खरंच दिसत नाही. इथे चर्चची घंटा वाजली तर शेजारी फार तर झोपमोडीची तक्रार करतात. तरी मी हट्ट सोडला नाही. शिकवणीला कोण येतं, काय शिकवतात, पैसे कुठून येतात, तेही फळ्यावर लिहा. झाकून ठेवलं की संशय वाढतोच.

मग एक पोरगा म्हणाला, “अंकल, तुमचं नाव आता मंडळीच्या मतदार यादीत नाही.”

बरोबर आहे, वर्गणी थकली, नाव गेलं. इथल्या यादीत मात्र माझं नाव पक्कं आहे, कारण आयकराच्या 8 टक्के चर्चचा कर पगारातूनच कापला जातो. गेमाइंडेब्रीफ मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि नाताळ सोडला तर एकाही कार्यक्रमाला फिरकत नाही. इथे कुणाशी भांडावं इतकंसुद्धा माझं कुणी नाही.

फळ्याचा खर्च मी देतो असं सेक्रेटरींना कळवलंय. ते म्हणाले, पुढच्या पंच कमिटीत विषय घेऊ, तोवर ग्रुपवर काही लिहू नका.