बाद झालेला गडी आणि पालकांच्या गटावरचा संदेश

भातकापणी होऊन मळे मोकळे झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांत कबड्डीची आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटची मैदाने आखली जातात, आणि साधारण त्याच सुमारास सहामाहीचे निकालही हाती पडतात. या योगामुळेच असेल, पण दरवर्षी याच दिवसांत एक निनावी संदेश पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागतो. यंदा तो मला सात गटांवरून आला, त्यांतले दोन गट मुंबईच्या चाकरमान्यांचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मैदानावर गेलेला तास अभ्यासातून वजा होतो, खेळाने चारित्र्य घडते ही थाप असून उलट खेळणारी मुले भांडखोर होतात, जीवनकौशल्ये शिकवायचीच असतील तर सुट्टीतले दोन दिवसांचे शिबिर पुरते, हजारात एखादाच खेळाडू होतो, तेव्हा बाकीच्यांनी वेळ घालवू नये, आणि मुलींनी तर आठवीनंतर मैदानाचा नाद सोडावा. मी किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आहे, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरीही या पाच विधानांपैकी एक अर्धे खरे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या विधानामागचे गणित सरळ दिसते: दिवसाचे तास ठरलेले, तेव्हा एकीकडे दिला की दुसरीकडे कमी पडणार. पण गुण तासांच्या प्रमाणात वाढत नाहीत, हे दहावीच्या वर्गाला संध्याकाळी सहानंतर जादा तास घेणारा कोणताही शिक्षक खासगीत कबूल करील. शिवाय हे गणित प्रत्यक्ष तपासून पाहिले गेले आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर येथे 1970 च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या पाचशेहून अधिक मुलांवर दीर्घ प्रयोग झाला. त्यात एका गटाला आठवड्याला पाच तास शारीरिक शिक्षण देण्यात आले आणि तो वेळ इतर विषयांच्या तासांतूनच काढण्यात आला. या मुलांचे गुण घसरले नाहीत. एकूण गुणांत ती थोडी पुढेच राहिली. ट्रूडो आणि शेपर्ड या अभ्यासकांनी 2008 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही खेळाला वेळ दिल्याने अभ्यास बुडत नाही असेच दिसले. मात्र शिकवणारा जाणकार असला पाहिजे, ही अट त्यांनी घातली. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी दररोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. आमच्या वेळापत्रकात पी. टी.चे जे मोजके तास असतात, त्यांतला एखादा परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. (गेलेला तास परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.)

दुसरे विधान हे ते अर्धे खरे विधान, आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खेळाची बाजू घेणारे आम्ही लोकच इथे सर्वाधिक सैल बोलत आलो आहोत. वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या उद्घाटनात प्रत्येक पाहुणा खेळामुळे शिस्त, सांघिक भावना आणि खिलाडूवृत्ती अंगी येते असे सांगतो, जणू चुन्याची फक्की मारून मैदान आखले की हे गुण जमिनीतून उगवतात. ओगिल्वी आणि टुटको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांवर अनेक वर्षे काम केले आणि स्पर्धात्मक खेळ चारित्र्य घडवतो याला आधार सापडत नाही, असे 1971 मध्येच लिहून टाकले. आपल्याकडेही पंचाच्या अंगावर धावून जाणारे कार्यकर्ते आणि चौदा वर्षांखालील गटात दाढी फुटलेले गडी उतरवणारे संघ कोणी पाहिलेच नाहीत असे नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला पंधरा वर्षांचा मुलगा हे सगळे पाहतो आणि तेही शिकतो. एका रात्रीच्या कबड्डी सामन्यात आमच्या संघातल्या मुलाने, पंचांच्या लक्षात आले नसतानाही, आपल्याला स्पर्श झाल्याचे हात वर करून सांगितले आणि तो बाहेर जाऊन बसला. प्रेक्षकांतल्या मोठ्या माणसांनी त्याला वेड्यात काढले, आणि मीही त्या वेळी त्याच्या बाजूने एक शब्द बोललो नाही, हे इथे लिहिणे मला भाग आहे. त्या मुलाने त्या रात्री जे शिकले ते मैदानामुळे नव्हे, आमच्यामुळे.

म्हणून संदेशाचे निरीक्षण मला मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. वैशाखात विहिरीचे पाणी गढूळ आले तर आपण विहीर बुजवत नाही, गाळ काढतो. आणि इथला गाळ काढता येतो याचा पुरावा आहे. स्मिथ आणि स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांना हंगामापूर्वी काही तासांचे प्रशिक्षण दिले. त्यात खेळाचे तंत्र नव्हते. चांगल्या प्रयत्नाची दखल घेणे, चूक झाली की आधी धीर देऊन मग दुरुस्ती सांगणे आणि अपमान न करणे, एवढेच होते. 1992 मध्ये बार्नेट यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, साध्या प्रशिक्षकांकडे खेळलेल्या मुलांपैकी 26 टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत, तर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या मुलांपैकी फक्त 5 टक्के. दोन्हींकडच्या संघांच्या हारजितीत फरक नव्हता, म्हणजे मुले टिकली ती जिंकल्यामुळे नव्हे. तेव्हा पालकांनी विचारायचा प्रश्न ‘मुलाला मैदानावर पाठवू का’ हा नसून ‘तिथे उभे असलेले सर मुलगा चुकल्यावर काय बोलतात’ हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळवायला कुंपणाशी अर्धा तास उभे राहणे पुरते.

शिबिरांविषयीच्या तिसऱ्या विधानाकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात सांगितलेली दहा जीवनकौशल्ये आमच्या शिक्षक प्रशिक्षणांतून पाठ करून घेतली जातात: स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, संवाद, परस्परसंबंध, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, भावनांना आणि ताणाला सामोरे जाणे. यांतले प्रत्येक कौशल्य फळ्यावर लिहून समजावता येते, पण समजणे आणि येणे यांत फरक आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडले की ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून. उपदेशाचा वाटा त्यामानाने थोडा.

आता कबड्डीचा नियम पाहा. चढाईला जाणाऱ्याच्या हाती 30 सेकंद असतात, समोर सात जण असतात आणि तोंडाने दम सुरूच ठेवायचा असतो. तेवढ्यात कोण पुढे झुकला आहे, कोपऱ्यातला पायाला हात घालील का, आता परतावे की आणखी एक पाऊल टाकावे, हे ठरवायचे असते. ताण असताना निर्णय घेण्याचा हा सराव एका संध्याकाळी वीस वेळा होतो. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो बाद झालेल्याचा नियम. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि साथीदाराने समोरचा गडी बाद केला तरच आत येतो, तेही ज्या क्रमाने बाहेर गेला त्याच क्रमाने. म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा भोगत असताना दुसऱ्याच्या यशाची मनापासून वाट पाहायची, आणि आपल्या आधी बाद झालेला आधी आत जाणार हे मुकाट्याने मान्य करायचे. खोखोत बसलेल्या आठ जणींपैकी कोणाला केव्हा ‘खो’ मिळेल हे ठाऊक नसते, आणि मिळाल्यावर एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. घेतलेल्या निर्णयाला चिकटून राहण्याचा असा पाठ मला कोणत्याही शिबिराच्या पुस्तिकेत आढळलेला नाही.

अर्थात मैदानावर शिकलेले घरी आणि वर्गात आपोआप पोहोचते असे मी म्हणत नाही. शिकागोत अडचणीतल्या मुलांबरोबर काम केलेल्या डॉन हेलिसन यांच्या पद्धतीत इतरांचा आदर, प्रयत्न, स्वतःला दिशा देणे आणि इतरांना मदत करणे यांच्यानंतर पाचवी पायरी मुद्दाम ठेवलेली आहे, ती हे सारे मैदानाबाहेर नेण्याची. आणि त्यासाठी सरावाच्या शेवटी मुलांशी बसून बोलावे लागते. आम्ही दहा मिनिटे गोल करून बसतो. ‘आज राग कुठे आला, आणि असाच राग घरी कधी येतो?’ एवढाच प्रश्न असतो. पहिले दोन महिने कोणी बोलत नाही. याच ठिकाणी संशोधनाची मर्यादाही नोंदवतो: संशोधक रोशेल आइम आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये घेतलेल्या आढाव्यात खेळणाऱ्या मुलांत आत्मसन्मान अधिक, सामाजिक वावर चांगला आणि नैराश्याची लक्षणे कमी आढळली, विशेषतः सांघिक खेळांत, पण त्यातले बरेचसे अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत, त्यामुळे खेळल्याने मूल आनंदी झाले की आनंदी मूल खेळायला गेले, हे त्यांवरून पूर्ण सुटत नाही.

हजारात एकाच्या चौथ्या विधानाला उत्तर थोडके आहे. मराठीच्या तासाला बसणारी सगळी मुले लेखक होत नाहीत, म्हणून तो तास कोणी बंद केलेला नाही. उलट दहावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले 5 टक्के खेळाडू आरक्षण डोळ्यांसमोर ठेवून नवव्या वर्षापासून मुलाला एकाच खेळाला जुंपणारे पालकही चुकतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाचा आग्रह न धरण्याचा सल्ला दिला आहे.

उरले मुलींविषयीचे विधान, आणि ते सर्वांत शांतपणे वाचले जाते म्हणून सर्वांत घातक आहे. आठवी-नववीत मुली मैदान सोडतात हे मी दरवर्षी पाहतो, पण त्यांना खेळ नकोसा होतो म्हणून नव्हे. कपडे बदलायला आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांत स्वच्छतागृहात पाणी नसते, सरावाला सोबत एकही बाई नसतात, आणि अंधार पडल्यावर घाटीतल्या वाडीपर्यंत एकटीने चालत जायचे असते. यांतली प्रत्येक गोष्ट मोठ्यांच्या हातातली आहे. आमच्या शाळेत खोखोसाठी नऊ मुली उभ्या करतानाही मारामार होत असे. मग एका पालक सभेत एका आईने सांगितले, की सराव साडेपाचला सुटतो आणि खालच्या वाडीची शेवटची एसटी सव्वापाचला जाते. इतकी वर्षे हे मला कधी सुचले नव्हते. आम्ही सराव शाळा सुटल्याबरोबर सुरू करून पाच वाजता संपवू लागलो, एक शिक्षिका रोज थांबू लागल्या, आणि त्या हिवाळ्यात बारा जणींची यादी करताना पहिल्यांदाच चार नावे वगळावी लागली.