हसरा चेहरा लावला नाही, म्हणजे मी चिडलेय म्हणे!

"फाइल पाठवली आहे." एवढंच लिहिलं मी. लगेच उलट मेसेज, "काय झालं? चिडलीस का?" अरे, कशाला चिडेन? फाइल मागितलीस, पाठवली, विषय संपला. पण नाही. शेवटी पिवळा हसरा चेहरा डकवला नव्हता ना, म्हणजे मी तोंड फुगवूनच बसलेली असणार! "हो" लिहिलं की तुसडेपणा. "ठीक आहे" लिहून पूर्णविराम दिला की थेट अबोला. पूर्णविराम दिला नाही म्हणून शाळेत मार्क कापायचे, आता दिला म्हणून कारणे दाखवा नोटीस!

खरा संताप पुढेच आहे. ज्यांना खरोखर बोचकारायचं असतं, ते बिनदिक्कत याच चेहऱ्यांच्या आड लपतात. "तुला काय बाई, कामंच कमी" आणि पुढे डोळा मारणारा. "तब्येत सुधारलेली दिसतेय" आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन. आपण काही बोललो की, "अगं, गंमत केली, इमोजी टाकला होता ना!" म्हणजे टोमणे मारणाऱ्याला सगळं माफ, आणि सरळ बोलणाऱ्याने खुलासे देत बसायचं. इमोजी टाकला की बोचत नाही, हे कुणी ठरवलं?

आणि हे सुरू कशासाठी झालं होतं? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद संगणकावरच्या चर्चेत कुणीतरी केला आणि काहींना तो खरा वाटला. मग १९ सप्टेंबर १९८२ रोजी तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोद असेल तिथे कोलन, डॅश आणि कंस टाका, म्हणजे आडवा हसरा चेहरा :-). विनोद असेल तिथे! फाइल पाठवली तिथे नव्हे! बरं, त्याच मेसेजात ते पुढे म्हणाले होते की सध्याचा कल पाहता, जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं जास्त सोयीचं पडेल, आणि त्यासाठी उलटा कंस दिला होता. तो उलटा कंस आता रडका चेहरा झालाय. म्हणजे गंभीरपणे काही म्हणायचं, तर तीही सोय गेली.

बरं, घातली मान खाली आणि टाकला इमोजी, तरी सुटका आहे का? २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकच इमोजी वेगवेगळ्या फोनवर वेगळा दिसतो आणि लोक त्याचे अर्थही वेगळे लावतात. डोळे बारीक करून छान हसणारा एक चेहरा तेव्हा ॲपलच्या फोनवर दातओठ खाल्ल्यासारखा दिसायचा. घ्या! आपण प्रेमाने पाठवायचा आणि समोरच्याने हाय खायची.

त्यात वयाचा घोळ वेगळाच. परवा भाचीने मला झापलं, "मावशी, तो साधा हसरा नको टाकत जाऊस, खवचट वाटतं." म्हटलं, मग हसू आलं तर टाकू काय? तर म्हणे, कवटी, म्हणजे हसून हसून मेले. कवटी! उद्या कुणी ऑपरेशन नीट झाल्याचं कळवताना एखादा विनोद केला, तर त्याला कवटी पाठवू?