नकार कसा कळवावा

तुम्ही लिहिता, गाता, चित्रं काढता? मग आधी एक जुनाट समज डोक्यातून काढून टाका: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, हा. एआयच्या जमान्यात असला कोतेपणा शोभत नाही. एआय कंपन्यांनी मॉडेलला शिकवायला तुमचं लिखाण-गाणं घ्यायचं, नको असेल तर तुम्ही कळवायचं.

युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हीच सोय केली. हक्क राखून ठेवल्याचं यंत्राला वाचता येईल असं लिहिलं नसेल, तर तुमच्या मजकुराचं उत्खनन, म्हणजे यंत्राने त्याच्या प्रती करून तो चाळणं, खुशाल करता येतं. ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये साधारण असाच प्रस्ताव मांडला. आता कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचं तुणतुणं वाजवू नका. लेखकाला हक्क मिळायला आणि बजावायला कसलीही औपचारिकता लागणार नाही, असं तिथे १९०८ पासून ठरलंय खरं. पण ही औपचारिकता थोडीच आहे? आपल्या वेबसाइटवर नुसती एक फाईल तर ठेवायची.

तिचं नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी. पहिल्या ओळीत बॉटचं, म्हणजे वेबसाइटींवरून मजकूर गोळा करत फिरणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, समजा चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा जीपीटीबॉट. दुसऱ्या ओळीत 'डिसअलाऊ' (मनाई) आणि एक तिरकी रेघ. मग सीसीबॉटसाठी तसंच. नवा बॉट आला की नव्या ओळी. तो आलाय हे कळावं म्हणून रोज सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण येऊन गेलं त्याच्या नोंदी, चाळा. कविता काय, निवृत्तीनंतरही होतील. ही १९९४ सालची पद्धत म्हणजे कुलूप नव्हे, विनंती आहे, तेव्हा बॉटने मनावर घेतलं नाही तर रुसू नका. आणि तुमची कथा भलत्याच कुणी आपल्या साइटवर चढवली असेल, तर तिथली फाईल त्याच्या ताब्यात. त्याला गाठून गोडीत सांगा: बाबा रे, चोरलीस ते चोरलीस, निदान पुढच्यांसाठी पाटी तरी लाव.

निषेध करायचाच तर सभ्यपणे करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये त्या सरकारी प्रस्तावाविरुद्ध हजारावर संगीतकारांनी रिकाम्या स्टुडिओंची शांतता रेकॉर्ड करून अल्बम काढला. छान कल्पना. फक्त त्या शांततेचाही नकार वेळेत कळवलेला बरा.

समोरच्याची अडचणही समजून घ्या. कॉपीराइट असलेल्या साहित्याशिवाय आजची आघाडीची मॉडेल्स घडवणं अशक्य आहे, असं ओपनएआयने ब्रिटिश संसदेच्या समितीला लेखी कळवलं होतं. इतक्या अडलेल्याला नाही म्हणवतं तरी कसं? बिचारे चिप्सचे पैसे मोजतात, विजेचे मोजतात, इंजिनिअरांचे तर विचारूच नका. आता लेखकालाही द्यायचे म्हणजे कठीणच.

सवड मिळाली तर त्याच कंपनीच्या वापराच्या अटी वाचा. आमच्या मॉडेलच्या उत्तरांवर स्पर्धक मॉडेल तयार करायला मनाई आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं सापडेल. हा नकार कुठल्या फाईलमध्ये ठेवलाय, असं मात्र विचारू नका. त्यांचं न सांगता कळायला हवं.