दहा वर्षांची म्हातारी

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे ओटा-पलंगासकट चाकांवरचं घर, घ्यायला निघालेलं मराठी कुटुंब सगळ्यात आधी ओटा बघतं. कुकर शेगडीवर नीट बसतो का, वरचा पंखा फोडणीचा ठसका बाहेर टाकतो का, आणि आईबाबा भारतातून आले तर त्यांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढवायचं कसं. बघा, जरूर बघा. पण त्याआधी गाडी कोणत्या सालची आहे ते बघा. कारण इथल्या अनेक खासगी आरव्ही पार्कांत, म्हणजे भाडं भरून आरव्ही लावून राहायच्या जागांत, त्यातही ज्यांच्या पाटीवर ‘रिसॉर्ट’ असं लिहिलंय त्यांच्यात, १० वर्षांचा नियम असतो. गाडीनं दहावं वर्ष ओलांडलं की ती म्हातारी. तिला आत घ्यायचं की नाही हे मग ऑफिसात त्या दिवशी कोण बसलंय आणि त्याचं सकाळी घरी कुणाशी वाजलंय, यावर ठरतं.

आरक्षणासाठी फोन कराल तेव्हा आपल्याकडच्या स्थळांची सवय उपयोगी पडेल. जन्मसाल काय, उंची-लांबी किती, फोटो पाठवा. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी. मग तिकडून तो ओळखीचा स्वर येतो, ‘बघून कळवतो.’ तेव्हा फोटो नीट काढा. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात काढा, म्हणजे पिवळी पडलेली फायबरग्लास मुद्दाम क्रीम रंगाची घेतल्यासारखी दिसते. भिंतीचा पापुद्रा सुटून जिथे फुगवटा आलाय, त्या बाजूला सासऱ्यांना खुर्ची टाकून बसवा. छपरावरची निळी ताडपत्री काढून ठेवायला विसरू नका. फोटो काढताना पाऊस आलाच तर आत बादल्या लावता येतील. ताडपत्री मात्र एकदा फोटोत आली की स्थळ मोडलंच म्हणून समजा.

एवढं करूनही साल विचारलंच तर घाबरू नका. प्रत्येक गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो आणि त्यातलं दहावं चिन्ह मॉडेलचं साल सांगतं. गंमत अशी, की ही चिन्हं दर ३० वर्षांनी पुन्हा फिरून येतात. १९९१ च्या गाडीच्या दहाव्या जागी ‘एम’ असतो आणि २०२१ च्या गाडीच्याही. तेव्हा गंभीर चेहऱ्यानं म्हणा, ‘एम आहे साहेब, तुम्हीच बघा.’ यात खोटं काहीच नाही. पुढचा हिशेब त्यानं आपल्या मर्जीनं करावा.

पार्कवाल्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी, नाहीतर आपण एकतर्फी ठरू. कुणीतरी मोडकी गाडी आणून लावतो, दोन महिने भाडं भरतो आणि मग गाडी तिथेच सोडून नाहीसा होतो. ती ओढून न्यायचा खर्च मालकाच्या बोकांडी. कुणाची सांडपाण्याची टाकी गळते आणि शेजारच्याला नाक धरून जेवावं लागतं. शिवाय बऱ्याच राज्यांत माणूस महिनाभराहून जास्त राहिला, की त्याला भाडेकरूचे हक्क मिळू लागतात आणि त्याला काढायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. त्रास खरा आहे. आता यावर उपाय म्हणून गाडी एकदा डोळ्यांनी बघता आली असती. टायर, छप्पर, नळ्या, सगळं दहा मिनिटांत कळतं. पण बघायचं म्हणजे उन्हात उठून बाहेर यावं लागतं. आणि बघितल्यावर गाडी चांगली निघाली तर? मग त्या माणसाला परत पाठवायला कारण काय सांगायचं? साल हे फार सभ्य कारण आहे. ‘तुमच्याकडे पैसे कमी दिसतात’ असं तोंडावर म्हणता येत नाही, ‘तुमची गाडी २०१२ ची आहे’ असं हसून म्हणता येतं.

तुम्ही निवृत्त असाल तर गंमत आणखी वाढते. ॲरिझोना आणि फ्लोरिडात हिवाळा काढायला उत्तरेकडून माणसं येतात, त्यांच्यासाठी खास ५५ वर्षांवरच्यांचे पार्क आहेत. कायद्यानं त्याची सोय करून ठेवली आहे. १९९५ च्या कायद्याप्रमाणे निदान ८० टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्न किंवा त्याहून मोठा असला, की बाकी तरुणांना नाही म्हणता येतं. अशा पार्कांतही हा दहाचा नियम सापडतो. म्हणजे माणूस पंचावन्नच्या वरचा हवा आणि गाडी दहाच्या आतली. गुडघे दोन्ही बदललेले चालतात, पडदे बदललेले चालत नाहीत. कारण पडदे बदललेत म्हणजे गाडी जुनी आहे.

कर्जाचा विषय काढणार नव्हतो, पण काढतोच. मोठी आरव्ही घेताना १५ ते २० वर्षांचं कर्ज मिळतं. बँकेतला माणूस हसतमुखानं सांगतो, की हप्ता किती छोटा बसतो बघा. बँकेच्या मते गाडी २० वर्षं तारण राहण्याइतकी धडधाकट, आणि पार्काच्या मते दहाव्या वर्षीच भंगार. तर तुम्ही असं करा: पहिली १० वर्षं पार्कात जाऊन हप्ते भरा, उरलेली १० वर्षं घराच्या ड्राइव्हवेमध्ये खुर्ची टाकून हप्ते भरा. ड्राइव्हवेमध्ये आरव्ही ठेवायला तुमच्या सोसायटीची बंदी असेल, तर तो प्रश्न निराळा.

म्हणून माझा सल्ला असा, की २०२१ सालची गाडी शोधा. कोविडमुळे सगळ्या देशाला एकदम निसर्गाची आठवण झाली, आणि त्या एका वर्षात सहा लाखांहून जास्त आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो आजवरचा उच्चांक. बहुतेक इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपास बनल्या. मागणी एवढी की स्क्रू पूर्ण पिळायला वेळ कुणाला! कपाटाचं दार हातात येणं, नवीकोरी खिडकी पहिल्याच पावसात गळणं, अशा कहाण्या त्या पिढीच्या मालकांकडे भरपूर आहेत. पण ती गाडी तरुण आहे हो! पार्कात तिला मानाचं पान. शेजारची १९९८ ची, मालकानं दरवर्षी हातानं सील केलेली, एक थेंब न गळणारी गाडी मात्र फाटकाबाहेर. २०३१ उजाडला की या सहा लाख गाड्या मिळून एकदम म्हाताऱ्या होतील. तेव्हा रिकाम्या पार्कांचे मालक काय करतील? माझा अंदाज असा, की त्या वर्षी नियम गुपचूप १५ वर्षांचा होईल आणि पाटी रंगवणाऱ्याला काम मिळेल.

नवी परवडत नसेल तर दुसरा मार्ग आहे: फार जुनी घ्या. खरा गुन्हा मधल्या वयाचा आहे. एअरस्ट्रीम नावाची कंपनी १९३६ पासून चंदेरी ॲल्युमिनियमचे, रिव्हेट ठोकलेले ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या आरव्ही, बनवते. साठ वर्षांचा एअरस्ट्रीम घासूनपुसून घेऊन गेलात तर नियम लावणारा तोच माणूस बाहेर येऊन त्याच्यासोबत स्वतःचा फोटो काढून घेतो. तेव्हा तो ‘जुना’ नसतो, ‘व्हिंटेज’ असतो. चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना १९६९ मध्ये विलगीकरणासाठी ज्या डब्यात ठेवलं, तो एअरस्ट्रीमचाच ट्रेलर होता, चाकं काढून बनवलेला. राष्ट्राध्यक्ष निक्सन विमानवाहू जहाजावर जाऊन त्याच्या काचेतून त्यांच्याशी बोलले. आज तो व्हर्जिनियात संग्रहालयात आहे. तेव्हा तुमची २००९ ची गाडी आणखी चाळीसेक वर्षं झाकून ठेवा, मग बघा कसा मान मिळतो.

तोवर राहायचं कुठे? राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर साल विचारत नाहीत, लांबी विचारतात. त्यातल्या अनेक जागा १९३० च्या दशकात, मंदीतल्या बेकार तरुणांकडून बांधून घेतलेल्या आहेत. तेव्हाच्या ट्रेलरांच्या मापानं. त्यामुळे ४५ फुटी, दहा लाख डॉलरची, परवाच शोरूममधून निघालेली बसएवढी आरव्ही तिथे वळतच नाही. आणि तेही जमलं नाही तर पश्चिमेकडची सरकारी मोकळी जमीन आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. नळ नाही, वीज नाही, ऑफिस नाही. म्हणजे विचारणारंही कुणी नाही.

तिथे वाळवंटात तुमच्या बाजूला ती ४५ फुटी बस येऊन उभी राहील, कारण तिलाही दुसरीकडे जागा मिळालेली नसेल. संध्याकाळी तिचा मालक तुमच्याकडे येईल. आत ऐसपैस व्हावं म्हणून बाहेर सरकवलेली भिंत बटण दाबलं तरी आत जात नाहीये आणि त्याच्या नव्या गाडीत एक पानासुद्धा नाही. द्या त्याला पाना. फक्त तो कोणत्या सालचा आहे ते सांगू नका, नाहीतर घेणार नाही.