ग्रुप बंद ठेवून मीटिंग कशी होणार?
व्हॉट्सॲप ग्रुपवर मीटिंग कशी घ्यावी यावरचा तुमचा बाकी लेख चांगलाय, पण मीटिंगच्या वेळी ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर ठेवला, म्हणजे ॲडमिनशिवाय कोणाला लिहिताच येत नाही असं केलं, की गोंधळ होत नाही, हे तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही. तोंड बंद केल्यावर शांतता होणारच हो, पण मग ती मीटिंग कसली, नोटीसच झाली, आणि राहिलेलं सगळं नंतर पर्सनलवर नाहीतर जिन्यात निघतं. आमच्या सोसायटीची कमिटी रात्री नऊला व्हॉट्सॲपवरच बसते, कारण दोघं फिरतीवर असतात. सेक्रेटरी काकू दुपारीच नंबर घालून विषय टाकतात, कोटेशनचे फोटोपण तेव्हाच, मग रात्री एका वेळी एकच विषय आणि त्याच मेसेजला स्वाइप करून रिप्लाय, म्हणजे लिफ्टचं उत्तर पाण्याच्या टाकीखाली जात नाही. लिफ्टच्या एएमसीवरून (वर्षभराच्या देखभालीचा करार) चांगलंच पेटलं होतं तेव्हा काकूंनी एवढंच लिहिलं, "आधी तळमजल्यावरच्या काकांचं पूर्ण होऊ दे, मग बाकीच्यांनी लिहा." थांबले की सगळे!

आणि पोलबद्दल एक महत्त्वाचं राहिलंय. पोल बनवताना एकापेक्षा जास्त उत्तरं चालतील हे बटण आधीपासूनच चालू असतं, ते आठवणीने बंद करा, नाहीतर एकच माणूस दोन्ही काँट्रॅक्टरना मत देऊन मोकळा होतो. ठरलेलं पिन करा, म्हणजे तो मेसेज ग्रुपमध्ये सगळ्यात वर दिसत राहील असं ठेवा म्हणता ते बरोबर, पण पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, म्हणून ते इतिवृत्ताच्या वहीत उतरवून सह्या घ्यायलाच हव्यात, उद्या प्रकरण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे गेलं तर तीच वही पुढे ठेवावी लागते.